गोत्र न सांगणारं कार्ड

"शिवराम गुरुजींच्या पूजेत बेलाच्या पानावरची शीर न शीर दिसते हो," पुण्याच्या मधुवंतीताई फोनवर सहज बोलून गेल्या आणि दूधविनायक मोहल्ल्यातल्या नीलकंठ गुरुजींनी हातातला भाताचा घास परत ताटात ठेवला. दोघेही काशीतून ऑनलाइन पूजा करायचे. पण ताईंचं घर आजोबांपासून नीलकंठांच्या घरचं यजमान. आता ताई म्हणत होत्या, श्रावणातलं मोठं अनुष्ठान कुणाला द्यायचं ते सोमवारी दोघांची पूजा बघून ठरवू.

"त्याने कॉम्प्युटरमध्ये कार्ड बसवलंय," बायको नंदा म्हणाली. "कॅमेऱ्याचं चित्र त्यातून जातं."

"मंत्र मी बरे म्हणतो."

"मंत्राची शीर दिसत नाही."

नीलकंठ तडक गंगेपलीकडे रामनगरला गेले आणि तेच कार्ड घेऊन आले. तेच म्हणजे, स्टिकर तेच. मुलगी तेजश्री कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिने कार्ड खाचेत बसवलं, ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, शिवरामकडे आहे तोच टाकला. कॉम्प्युटर म्हणाला, असलं कार्ड इथे नाहीच.

"आंधळा आहे काय? एवढं मोठं नाव चिकटवलंय."

"बाबा, स्टिकर कोण वाचतं? कॉम्प्युटर सुरू झाला की एकेका खाचेला विचारतो, कौन हो भाई? कार्ड आपल्या पोटातले नंबर सांगतं. चिप कुठली, बोर्ड कुठल्या कंपनीचं. ड्रायव्हरकडे त्याच्या ओळखीचे नंबर असतात. जुळले तर ठीक, नाही तर राम राम."

"म्हणजे नाव आणि गोत्र."

"तसंच समजा. हे महाशय नाव सांगतात, जुनी टीव्ही-रेडिओची चिप. गोत्र विचारलं की गप्प."

नीलकंठ खुलले. असे यजमान संकठा घाटावर त्यांना रोज भेटत. "गोत्र ठाऊक नसलं की काश्यप. याला काश्यप लाव."

"आहे तसा एक, सगळ्यांना चालणारा ड्रायव्हर. पण बोर्ड कुणाचं ते कळल्याशिवाय कुठलं भोक चिपला कुठे जोडलंय हे त्याला कळत नाही. अंदाजाने चालवेल. आवाज तपासावा लागेल."

तेवढ्यात पडद्यावर चित्र उमटलं. शिवरामच्या चित्राइतकं स्वच्छ नव्हतं, पण उमटलं. नीलकंठांना आवाज-बिवाज सुचेना. तेजश्री उठून गेल्यावर त्यांनी डब्यातली उरलेली लांब वायरही मागे खुपसली. शिवरामच्या कार्डाला दोनच वायरी होत्या.

सोमवारी ते कॅमेऱ्यासमोर बसले. आपलाच आवाज परत ऐकू येऊन व्यत्यय नको म्हणून स्पीकर बंद केला. आचमन झालं. पुण्यात काशीच्या रेडिओवरची गुडघ्याच्या तेलाची जाहिरात ऐकू आली. त्यांनी हात जोडून देवांना आवाहन केलं. पुण्यात एक बाई गोड आवाजात म्हणाली, "रामनगर पुल पर भारी जाम है, घर से सोच-समझकर निकलिए."

पडद्यावर मधुवंतीताई पदराने डोळे पुसत होत्या. मागे त्यांचे दीर भिंतीला धरून उभे. इतकं भरून आलेलं घर नीलकंठांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी आरती मुद्दाम लांबवली. पुण्याला दोन गाणी जास्त मिळाली.

अनुष्ठान शिवरामला गेलं. तिसऱ्या दिवशी शिवराम स्वतः दारात. "नीलूभाऊ, एकट्याने व्हायचं नाही. जोडीला बसाल का?"

"त्यांना वेळ..." नंदा मानाने सांगू लागली.

"बसतो," नीलकंठ म्हणाले. उपरणं खांद्यावर होतंच.

पहिल्या दिवशी ते शिवरामच्या आधी जाऊन आसनावर बसले, कॅमेऱ्याच्या पुढ्यात. पूजा सुरू होताच शिवरामचा फोन वाजला.

"नीलकंठ गुरुजींना सांगा जरा सरकायला," मधुवंतीताई म्हणाल्या. "त्यांच्या कानावरचे केस दिसतायत, महादेव दिसत नाहीत."

नीलकंठ लगेच सरकले. आता महादेव स्वच्छ दिसू लागले. शिवराम तेवढा पूर्ण झाकला गेला.