वैद्यांच्या काढ्याची परीक्षा

कापलेलं सफरचंद उघडं ठेवलं की काळं पडतं. हवेतला प्राणवायू त्याला हळूहळू खात असतो. ही झीज रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. कोपऱ्यावरच्या वैद्यांना हा शब्द जड जायचा, म्हणून त्यांनी दुकानाच्या काचेवर रंगवून घेतलं होतं, 'या काढ्याने शरीराला गंज चढत नाही.'

समोरच्या औषधवाल्याने मात्र उठवलं, की वैद्यांचा काढा म्हणजे नुसतं रंगवलेलं पाणी. गिऱ्हाइकं तोंडावर हसू लागली. तेव्हा वैद्यांनी एक बाटली भरून मुलीच्या हाती दिली. ती प्रयोगशाळेत वनौषधी तपासायची.

"काय निघेल ते कागदावर दे. दुकानात लावतो."

"काय निघेल ते?"

"काय निघेल ते."

परीक्षा दिसायला सोपी असते. काचेच्या नळीतल्या गडद जांभळ्या द्रावणात औषध घालायचं. त्यात अँटिऑक्सिडंट असले, तर जांभळा रंग उडून द्रावण पिवळट होतं. किती उडाला, ते यंत्र मोजतं. बाटली घरची, म्हणून मुलीने मोजणी मैत्रिणीकडे दिली आणि स्वतः शेजारी उभी राहिली.

काढा पडला आणि रंग बघता बघता गेला.

"बाबांना पेटंट घ्यायला सांग," मैत्रीण म्हणाली. "आणि मला भागीदार कर."

मुलगी हसली नाही. साली-मुळांचे काढे तिने पुष्कळ तपासले होते. इतकी घाई कुणी केली नव्हती. तिने बाटलीचं झाकण काढून वास घेतला, आम्लता दाखवणारी कागदी पट्टी बुडवली. काढा चांगलाच आंबट होता. तिने घरी फोन लावला.

"बाबा, यात लिंबू पिळलंत?"

"मग? लहानपणी लिंबाशिवाय एक घोट तरी गिळलास का? तुझ्यासाठी म्हटलं की हात आपोआप लिंबाकडे जातो."

"अहो, तो मी प्यायचा नव्हता. नळीला पाजायचा होता."

लिंबात क जीवनसत्त्व असतं, आणि ते एकटंसुद्धा जांभळा रंग घालवतं. तिने बिनलिंबाची बाटली मागवली आणि नुसत्या लिंबाच्या पाण्यासोबत पुन्हा तपासायला लावली. लिंबाने रंग पळवला. काढ्यानेही उडवला, पण सावकाश आणि अर्धामुर्धा.

रात्री जेवताना आईच पुढे झाली. "पहिल्या बाटलीचा कागद दे की. ती काय शेजाऱ्यांची होती?"

"आई, त्यातली शाबासकी लिंबाची आहे."

"लिंबू कुणाला दिसतंय? बापाला चार माणसांत मान खाली घालायला लावशील."

वैद्यांचा घास हातातच राहिला. मुलीने ताटावरची नजर उचलली नाही, पण आवाज सरळ ठेवला.

"बाबा, काढा म्हणजे पाणी नाही, हे नक्की. पण तो मध्यम आहे. आणि नळीत रंग उडाला म्हणून माणसाच्या अंगात काय होतं, ते यावरून कळत नाही. तेही लिहिलंय."

"मग गंजाचं वाक्य?"

"पुसावं लागेल."

वैद्यांनी घास संपवला, पाणी प्यायले. "वाक्य तुझ्या आजोबांचं होतं," ते म्हणाले. "पण पुसायला मी आहे."

सकाळी त्यांनी स्वतः काच खरवडली आणि तिथेच कागद चिकटवला. पहिलं गिऱ्हाईक आलं, ते चष्मा वर करून वाचू लागलं.

"मध्यम? वैद्यबुवा, स्वतःच्या दुकानात असं कुणी लावतं का?"

"मुलीने तपासलंय."

"पोटच्या पोरीने मध्यम म्हटलं?"

"हो," वैद्य म्हणाले, आणि त्यांची मान होती त्याहून थोडी ताठ झाली. "बसा. तब्येत कशी आहे?"