साध्या जुलाबाचा कागद

बंदरावरच्या सरकारी दवाखान्यात मोठे डॉक्टर आठवड्याचा अहवाल पुढ्यात घेऊन बसले होते, पण पेन काही पुढे सरकत नव्हतं. तीन दिवसांत जुलाब-उलट्यांचे चौदा रोगी आले होते. पहिला एका मालवाहू जहाजावरचा खलाशी, बाकीचे धक्क्यालगतच्या वस्तीतले. प्रयोगशाळेतल्या बाईंनी तपासणीचा निकाल दिला होता : कॉलरा!

तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला. "कोळंबीचे परदेशी खरेदीदार शहरात उतरलेत. तो शब्द कागदावर आला, तर बाहेरचा बाजार आपल्याला दार बंद करेल. साधे जुलाब लिहा. कळलं?"

फोन ठेवतात न ठेवतात तोच मेहुणा आत आला. तो कोळंबीच्या कारखान्यात मुकादम होता आणि कॉलऱ्याची कुणकुण त्याला लागली होती.

"दाजी, हात जोडतो. नऊशे बायका कामाला आहेत. कारखाना बंद पडला तर त्यांच्या चुली कशा पेटायच्या?"

बदली, चौकशी, घरातला अबोला, सगळं डॉक्टरांच्या डोळ्यांपुढून सरकलं. त्यांनी 'साधे जुलाब' लिहून टाकलं. मेहुणा सुस्कारा सोडून गेला.

दुपारपर्यंत खाटा संपल्या. रोगी जमिनीवर निजवावे लागले. एका म्हाताऱ्याची नाडी डॉक्टरांच्या बोटांखालीच मंदावत गेली, आणि थांबली. सलाईनच्या जेमतेम चाळीस बाटल्या उरल्या होत्या. दारात अजून माणसं येतच होती.

बाईंनी एक चुरगळलेला कागद त्यांच्या हातात ठेवला. "खलाशाच्या पिशवीत सापडला. मागच्या बंदरातल्या दवाखान्याचा आहे."

डॉक्टरांनी वाचलं. 'साधे जुलाब. प्रवासास हरकत नाही.' खाली सही, शिक्का.

"त्यांना कळलं नसेल," ते पुटपुटले.

"तुम्हाला तर कळलं होतं ना? मग तुम्ही काय लिहिलंत?" बाईंनी थेट विचारलं. "तिथल्या डॉक्टरलाही असाच फोन आला असेल. आज आपली कोळंबी समुद्रापार जाते, तसा आजारही जातो. खरं नाव कळलं तर पुढची बंदरं सावध होतील, आपल्याला मदत मिळेल. साध्या जुलाबांसाठी विमानानं सलाईन कोण धाडणार, साहेब?"

अरेरे! हे काय करून बसलो आपण! डॉक्टरांनी नवा अहवाल घेतला, 'कॉलरा' लिहिलं, राजधानीला पाठवला आणि वरिष्ठांना स्वतःच फोन करून सांगितलं.

व्हायचं ते झालं. खरेदीदार परत गेले, कारखाना एकोणीस दिवस बंद राहिला. मेहुण्यानं बोलणं टाकलं. पण तिसऱ्याच दिवशी दोन देशांतून सलाईन आणि लस आली, जिच्यात गटाराचं पाणी शिरत होतं ती वस्तीतली फुटलेली पाण्याची नळी सापडली. एकूण चार माणसं गेली, शेकडो वाचली.

पाचव्या दिवशी मेहुणा कारखान्यातल्या एका बाईला पाठुंगळी घेऊन धावत आला. "दाजी, हिला बघा आधी! तोंडातून शब्द फुटत नाही हिच्या!" ती बचावली. त्यानंतर तोच घरोघर फिरला आणि सरकारकडे करायच्या अर्जावर नऊशे सह्या जमवल्या : साथीची खरी खबर दिल्यामुळे काम बंद झालं, तर त्या दिवसांची मजुरी मिळालीच पाहिजे.

वाचकहो, जगाचा बाजार एक झाला, तशी जगाची दुखणीही एक झाली आहेत. खरं बोलणारा उपाशी राहणार असेल, तर भीतीपोटी उद्याही कुणीतरी खोटं लिहील. म्हणून व्यापाराचे करार करताना माणसाच्या जिवाचं कलम त्यात सर्वांत आधी यायला हवं, आणि ते मागायला आपणच उभं राहायला हवं.