जेवणानंतरची ऊब

तंत्रज्ञ मुलीने पारदर्शक टोप पलंगावर पडलेल्या बाईंच्या डोक्यावर बसवला आणि गळ्याभोवतीची प्लॅस्टिकची झालर नीट खोचली.

“आता चार तास हलायचं नाही, बोलायचं नाही, झोपायचं तर मुळीच नाही. आत्ता जे जेवलात त्याने अंगात किती ऊब तयार होते, ते तुमच्या श्वासावरून यंत्राला कळेल.”

बाईंनी डोळ्यांनीच होकार दिला. लगेच नाक खाजायला लागलं. नाकाला कधी शहाणपण असतं?

कारखान्याच्या कँटीनमध्ये वीस वर्षं रोज चारशे माणसांना जेवू घालणारी बाई स्वतः अर्धपोटी राहते, हे कोणाला पटणार? गुडघ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, वीस किलो उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. दोन वर्षांत तीन उतरले. लेकीने फडताळाला कुलूप लावलं. रोज संध्याकाळी ती आईची पिशवी तपासायची आणि विचारायची, आज काय काय खाल्लंस? लेक दुष्ट नव्हती. आईने पुन्हा धड चालावं, एवढंच तिला हवं होतं. पण “हवा खाऊन कुणी फुगत नाही, आई,” हे तिचं वाक्य बाईंच्या काळजात रुतून बसलं होतं. आजचा कागद तरी खरं बोलेल, या एकाच आशेवर त्या निपचित पडून राहिल्या.

चार तासांनी टोप निघाला. लेक आत आली. तंत्रज्ञ मुलगी आलेखाकडे बघत होती.

“खाल्लं की प्रत्येकाचं अंग थोडं तापतं. काहींचं कमी तापतं. तेवढ्यानेच वजन वाढतं असं नाही, पण तुमचं फारच कमी आहे.”

बाईंचे डोळे भरून आले. “लिहून द्या ना. मोठ्या अक्षरात.”

लेकीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी.

“इतकं कमी मात्र मी कधी पाहिलं नाही,” तंत्रज्ञ म्हणाली. “कुणासमोर घास उतरत नाही म्हणालात, म्हणून मी बाहेर थांबले. ताटातलं सगळं संपवलंत ना?”

बाईंनी पिशवी जवळ ओढली. लेकीचा हात सवयीने पिशवीकडे गेला. कागदी रुमालात लोणी लावलेले दोन पाव आणि दोन उकडलेली अंडी निघाली.

“इथूनही चोरलंस?”

“पण खाल्लं नाही त्यांनी,” तंत्रज्ञ हळूच म्हणाली. “यंत्र तेच सांगतंय. चाचणी फुकट गेली.”

लेक रुमालाकडे बघत राहिली. “मग न खाता ठेवलंस कशाला, आई?”

“संध्याकाळी तू विचारणार,” बाई म्हणाल्या. “दोन पाव, लोणी, अंडी. कुठल्या तोंडाने सांगणार होते मी?”

तंत्रज्ञाने अहवालावर आडवी रेघ मारली आणि वही उघडून पुढची तारीख शोधली. दोन महिन्यांनंतरची मिळत होती.

“पुढच्या वेळी जेवताना कुणीतरी समोर बसावं लागेल. घरचं कुणी असलं तर बरं.”

लेकीने पाव पुन्हा रुमालात गुंडाळले. घड्या नीट पडेनात.

“मी नको,” ती म्हणाली. “दुसरं कुणी बसू दे.”