जास्तीचं वाक्य

अकरा वाजता आमच्या रेडिओच्या वृत्तविभागात यादी आली. सात महिन्यांपूर्वी समुद्री चाच्यांनी जहाज पळवलं, तेव्हा त्यावर चौदा खलाशी होते. त्यांतले नऊ आज सुटणार होते. आमच्या निवेदिकेचा भाऊ त्या नवांत नव्हता. यादीच्या माथ्यावर सूचना होती: एक वाजेपर्यंत गुप्त ठेवा, बातमी फुटली तर सुटका बारगळेल.

आणि एकच्या बातम्या तीच वाचणार होती. दुसरा निवेदक रजेवर, आणि माझा आवाज म्हणजे रिकाम्या डब्यातले खडे.

मी यादी खणात सरकवली आणि बाकीच्या बातम्या लावत बसलो. अर्थमंत्र्यांचा राजीनामा. एका बेटावर मतमोजणी थांबवली. शेवटी जरा गंमत म्हणून, एकसष्ट वर्षांनी ग्रंथालयाचं पुस्तक परत करणारे एक आजोबा. ती माझ्या टेबलाशी येऊन खो खो हसली.

"साहेब, एकेकाला वाचायला वेळ लागतो हो!"

मला तिचा राग आला. खरं तर स्वतःचाच आला होता.

बारा पंचावन्नला, ती स्टुडिओत गेल्यावर मी सांगितलं. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून मुद्दाम तिथेच. मी असाच बेरकी माणूस आहे.

"यादी आलीय. नऊ जण सुटताहेत."

"दादा?"

मी नकारार्थी मान हलवली.

"आहे की गेला, ते तरी?"

"उरलेल्या पाचांबद्दल एक अक्षर कळवलेलं नाही."

ती भिंतीला टेकली. "आई रेडिओला कान लावून बसली असेल. मला एक फोन करू द्या, साहेब."

"आत्ता नाही. नऊ जणांचा जीव टांगणीला आहे."

"मग मीच वाचते. आज माझ्याऐवजी तुमचा आवाज ऐकला तर हाय खाईल ती."

लाल दिवा लागला. मी काचेच्या अलीकडे येऊन बसलो. तिनं नऊच्या नऊ नावं वाचली, आवाज जरासुद्धा न हलता. पुढे कागदावर मीच लिहिलं होतं: 'उरलेल्या पाच जणांबाबत माहिती मिळालेली नाही.' तिनं कागदावरची नजर उचलली.

"उरलेले पाचही खलाशी सुखरूप असून त्यांच्या सुटकेचे प्रयत्न सुरू आहेत," असं म्हणून ती त्याच सुरात अर्थमंत्र्यांकडे वळली.

तीस वर्षं मी इथे एकेका स्वल्पविरामासाठी लोकांना फैलावर घेतलं आहे. तिच्या कानात बोलायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. तिथल्या तिथे खुलासा करायला लावता आला असता. मी ते दाबलं नाही.

आजोबांचं पुस्तक परत झालं, बातम्या संपल्या, ती बाहेर आली.

"काढून टाका मला," ती म्हणाली. "पण आईला दोन घास जाऊ देत आज."

मी तोंड उघडणार, तोच टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे कुणी म्हातारे गृहस्थ होते, रडत आणि हसत.

"त्या पाचांत आमचा मुलगा आहे हो. सुखरूप म्हणाल्या ना त्या बाई? हिला कमी ऐकू येतं, ती माझ्यावर विश्वासच ठेवत नाहीये. बाईंना सांगता का, हिला एकदा परत सांगायला?"

"धरा हं," मी म्हणालो आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

तिनं तो कानाला लावला. "बाई? बाई?" असं पलीकडून मलाही ऐकू येत होतं.