रानटी घोडी

काशिनाथ खाली बसायच्या आधीच सफियाने मागचा पाय उचलून धरला. पंधरा वर्षांची सवय. त्याने पकडीने नाल सैल केला, एकेक खिळा काढला आणि खुराची कड कानशीने घासून गोल केली.

"काशीकाका, ही जंगली?" पिकअपमधून चारा उतरवता उतरवता बाळा हसला. "हिका तर चायवांगडा बिस्कुट लागता!"

"गप रव. साहेब आयकतले."

साहेब म्हणजे उदय. पुण्याचा, सालमिया शहरातल्या ऑफिसातून आठवड्याला एकदा इकडे वाळवंटात येणारा. या भागात रानटी घोडे कधीच नव्हते हे त्यालाही ठाऊक होतं. बंद पडलेल्या रायडिंग क्लबचे बावीस घोडे कुंपणाच्या आत सोडायचे, त्यांचे नाल काढायचे, आयाळ वाढू द्यायची आणि रानटी घोडे म्हणून पर्यटकांना दाखवायचे, अशी कंपनीची योजना होती. पैसा सरकारकडून यायचा होता.

"मंगळवारी सरकारची समिती येतेय," उदय म्हणाला. "काशिनाथ, तुम्ही दिसलात की सगळे घोडे तुमच्याकडे धावतात. असं नाही चालणार."

"मी तंबूत बसतो, साहेब."

"मागच्या वेळी मी आलो तेव्हा तुमच्या या म्हाताऱ्या घोडीने तंबूतच तोंड घातलं होतं. आणि तिच्यामागे सगळा कळप." उदयने आवाज खाली आणला. "अनुदान नाही मिळालं तर लिलाव. या वयाच्या घोडीला कोण घेणार?"

आखातातल्या लढाईनंतरच्या दुसऱ्या वर्षी क्लबच्या तबेल्यात सफिया जन्मली, ती उलटी आली होती. तिची आई तासाभरात गेली. काशिनाथने तिला बाटलीने दूध पाजलं. त्याच आठवड्यात गावी त्याच्या मुलीचं बारसं झालं होतं.

तिची सवय मोडायला पहिल्या दिवशी त्याने सफियाकडे पाठ फिरवली. तिने त्याच्या खांद्याला नाक लावलं. दुसऱ्या दिवशी त्याने पत्र्याचा डबा बडवला. तिने कान हलवले आणि ती जवळ आली. तिसऱ्या दिवशी त्याने दगड उचलला.

पहिला त्याने मुद्दाम चुकवला. दुसरा तिच्या खांद्याला लागला. ती पळाली नाही, जागीच उभी राहून त्याच्या हाताकडे बघत राहिली.

"काका, पुरे!" बाळा ओरडला.

"पुरे कसा? अजून पळाक नाय ती."

तिसऱ्या दगडाला ती पळाली.

मंगळवारी समितीतल्या एकाने दुर्बीण खाली घेतली आणि तंबूच्या दारातल्या काशिनाथकडे बोट करून अरबीत काही म्हटलं.

"कळपाकडे चालत जा म्हणतायत, घोडे बुजतात का बघायला," उदय पुटपुटला.

काशिनाथ रिकाम्या हातांनी चालू लागला. सफियाने मान वर केली. तिचे कान उभे राहिले. त्याने आणखी एक पाऊल टाकलं, तशी ती वळली आणि उधळली. तिच्यामागे सगळा कळप धुळीत दिसेनासा झाला. पाठीमागे टाळ्या वाजल्या.

अनुदान मिळालं. लिलाव टळला.

आता थंडी पडली आहे. चारा टाकून झाला की बाळा गाडी लांब नेऊन उभी करतो. काशिनाथ मूठभर वाळू हवेत सोडतो, वारा कुठून येतोय ते बघतो आणि आपला वास तिच्याकडे जाणार नाही अशा बाजूला जाऊन बसतो. बऱ्याच वेळाने सफिया येते आणि खायला लागते. तिच्या तांबूस खांद्यावर, दगड लागला तिथे, पांढरे केस उगवले आहेत. एवढ्या लांबूनही ते दिसतात.