उलट्या बाजूला फिरणारा हात

रोझान किशला त्या गुरुवारी दुकानात एक गोष्ट दिसली. ती दिसली नसती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे दोन-तीनदा वाटून गेलं.

ड्युएन हॅकर्ट जुन्या मालाच्या काउंटरवर आला होता. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ आठवड्यातून एकदा यायचाच. घ्यायचा काही नाही, पण काचेखालच्या लेन्स एकेक करून बाहेर काढायला लावायचा आणि जवळच्या माणसाची तब्येत विचारावी तशा हाताळायचा. रोझानने कॅननची एक जुनी लेन्स त्याच्यापुढे ठेवली. त्याने आपल्या कॅमेऱ्याला ती लावली आणि फिरवली. बसेना. आणखी जोर केला. मग एकदम त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि त्याने ती दुसऱ्या बाजूला फिरवली. टक्. बसली.

"धूळ असेल," ड्युएन म्हणाला.

"असेल," रोझान म्हणाली.

धूळ नव्हती. लेन्स तिने सकाळीच पुसली होती. आणि बावीस वर्षांपासून जुने कॅमेरे विकणाऱ्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं की कॅननची लेन्स एका बाजूला फिरवून बसते आणि निकॉनची बरोबर उलट बाजूला. ज्याचा हात एकदा एकीकडे वळला, तो झोपेतही तिकडेच वळतो. चुकतात ते नवशिके. नाहीतर मग ज्यांनी नुकतीच कंपनी बदलली ते.

ड्युएन तर चाळीस वर्षं कॅननवाला. जादा फी भरून गाडीच्या नंबरप्लेटवर कंपनीचं नाव घालून घेतलेला माणूस. त्याचा हात निकॉनच्या बाजूला का वळला?

तो गेल्यावर रोझानने ती लेन्स पुन्हा पुसली. उगाचच. डोक्यात मात्र तेच चाललं होतं.

गावातल्या फोटोग्राफी क्लबची बैठक दर सोमवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या तळघरात भरायची. मधल्या वाटेच्या डावीकडे कॅननवाले, उजवीकडे निकॉनवाले. असा नियम कुणी केला नव्हता, पण चुकून उजवीकडे बसलेल्या एका नव्या कॅननवाल्या दंतवैद्याला कॉफी मिळाली नव्हती, ही आठवण सगळ्यांना होती. रोझान मागे, कॉफीच्या भांड्याजवळ बसायची. तिचा कॅमेरा पेंटॅक्सचा होता, पंधरा वर्षांचा, आणि पेंटॅक्सवाली ती एकटीच होती.

तिच्या फोटोचं कौतुक झालं की ते ठरलेल्या पायऱ्यांनी व्हायचं. आधी, "वा, सुरेख!" मग, "कुठल्या कॅमेऱ्याने?" मग तिचं उत्तर. मग, "अच्छा." आणि जाता जाता, "चांगला कॅमेरा असता तर कसला आला असता गं हा!"

निकॉनवाल्यांचा म्होरक्या लायल सोबचॅक. निवृत्त रेल्वे सिग्नलमन, ड्युएनच्याच वयाचा. दोघांचं भांडण ऐकायला म्हणून निम्मे सभासद यायचे. त्या सोमवारी लायलने लाल डोक्याच्या सुतार पक्ष्याचा एक फोटो मांडला होता. पिसन्‌पीस मोजून घ्यावं असा.

"बरा आहे," ड्युएन म्हणाला. "सुताराने जरा हलायचं नाही असं ठरवलेलं दिसतंय. दया आली असेल त्याला."

"तुझ्याकडे बघून उडून जातात ते, ड्युएन. ती पांढरी लेन्स बघून त्यांना वाटतं, फ्रिज चालत येतोय."

तळघर हसलं. रोझानही हसली, पण आज ती बघत होती. लायल उत्तर देताना ड्युएनच्या तोंडाकडे बघत नव्हता, त्याच्या कानाच्या जरा पलीकडे बघत होता. स्वतःच्या फोटोकडे तर त्याने एकदाही पाहिलं नाही. आणि ड्युएन, जो दुसऱ्यांचे फोटो नाकाशी धरून चुका काढायचा, तो या फोटोजवळ फिरकलाही नाही. त्यातलं सगळं आधीच पाठ असल्यासारखा.

क्लबची अध्यक्ष बेव्ह उठून उभी राहिली. "वार्षिक स्पर्धा जूनच्या दुसऱ्या सोमवारी. फोटो आणताना नाव मागे लिहायचं, पुढे नाही. पहिल्या नंबराला सप्टेंबरभर वरची भिंत."

वरची भिंत म्हणजे ग्रंथालयाच्या दारातून आत शिरलं की समोर दिसणारी. एका माणसाचे बारा फोटो, महिनाभर. रोझानचे बारा फोटो पाच वर्षांपासून पुठ्ठ्यावर चढवून पलंगाखाली ठेवलेले होते. अधूनमधून ती ते काढायची, भिंतीला टेकवून क्रम बदलायची, आणि पुन्हा आत सरकवायची. गेल्या वर्षी तिचा दुसरा नंबर आला होता. पहिला आला होता लायलचा बगळा.

मंगळवारी तिला सुट्टी होती. मे महिना, तळ्याकाठच्या दलदलीत पक्षी उतरायचे दिवस. शनिवार-रविवारी तिथल्या फळ्यांच्या वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. तोफांसारख्या लेन्स घेतलेली माणसं आधी एकमेकांच्या लेन्सची लांबी बघतात, मग पक्ष्याकडे. म्हणून रोझान मधल्या वारी, उजाडता उजाडता गेली.

तिसऱ्या वळणावर तिला आवाज ऐकू आले.

"डावीकडे. विलोच्या झाडामागे. थांब. थांब म्हणतो ना! येईल तो खालच्या फांदीवर."

"मला काही दिसत नाहीये."

"तुला कधी दिसलंय? लेन्स वळवून फोकस कर. उलटी वळव, गाढवा! निकॉन आहे ती!"

"वळवतोय! चाळीस वर्षांची सवय एका रात्रीत—"

"आता!"

शटर खडखडलं. रोझानने मान पुढे काढली. घडीच्या स्टुलावर लायल बसला होता, डोळे मिटून, मान जराशी कलती करून. त्याच्या खांद्यामागे ट्रायपॉड. ट्रायपॉडवर लायलचा निकॉन. आणि निकॉनच्या मागे वाकलेला ड्युएन हॅकर्ट.

तिच्या पायाखालची फळी कुरकुरली.

"डावा पाय जपून टाकणारं कुणीतरी," लायल डोळे न उघडता म्हणाला. "रोझान ना?"

ड्युएन सरळ झाला. चोरी सापडलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो हे रोझानने दुकानात पुष्कळदा पाहिलं होतं, पण त्या माणसांना निदान पळता तरी यायचं.

"हे बघ, रोझान," ड्युएन म्हणाला, "तुला जे सांगायचं ते सांग सगळ्यांना. फक्त हे..." त्याने कॅमेऱ्यावर हात ठेवला, "हे सांगू नकोस."

"म्हणजे फसवणूक केली हे सांगितलं तर चालेल, निकॉन हातात धरला हे नाही?"

"फसवणुकीचं कारण तरी देता येतं गं."

लायल हसला. मग हसू आवरून त्याने तिच्या दिशेला तोंड केलं. तिच्या कानाच्या जरा पलीकडे. "डोळ्यांचं मधलं गेलंय. दीड वर्षं झालं. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तुझ्या जागी नुसता धूर. कानाकडे बघितलं की तू थोडी थोडी दिसतेस. कडा राहिल्यात, मधलं गेलं."

"आणि याने मला सांगितलं, क्लब सोडतो," ड्युएन म्हणाला. "मग मी सोमवारी भांडू कुणाशी? बेव्हशी? ती लगेच सॉरी म्हणते."

"म्हणून तुम्ही यांचे फोटो काढता."

"बटण दाबतो मी. पक्षी कुठे आहे, कुठून येणार, कुठल्या क्षणी दाबायचं, ते सगळं हा सांगतो, आवाजावरून. मला तर बदक काय नि कोंबडी काय, सारखीच."

"पण मग तुमचा स्वतःचा कॅमेरा का नाही घेत?"

"मग तो कॅननचा फोटो झाला असता," लायल म्हणाला. "माझ्या नावावर? मी एक वेळ पूर्ण आंधळा होईन."

रोझानला हसू येत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकाच वेळी. राग जरा मागून आला, पण आला तो बसायलाच. "गेल्या वर्षीचा बगळा?" तिने विचारलं.

ड्युएन ट्रायपॉडचा स्क्रू उगाचच पिळू लागला. लांब कुठेतरी बेडूक ओरडत होते.

"मी दुसरी आले होते," रोझान म्हणाली.

"माहितीये," ड्युएन पुटपुटला. "आम्ही बोललोय त्याबद्दल. यंदा आम्ही फोटो देतच नाही. घे तू भिंत."

"सोडलेली भिंत मला नको."

"मग काय हवंय?"

हे तिला स्वतःलाच बोलता बोलता कळलं. "फोटोमागे दोघांची नावं लिहा. आणि मग हरवा मला."

ड्युएनचा रंग उडाला. "निकॉनच्या फोटोवर माझं नाव? अगं, माझी नंबरप्लेट..."

"बदला."

ती वळून चालू लागली. मागून लायलचा आवाज आला. "आणि नाही लिहिली तर? बेव्हला सांगशील?"

"माहीत नाही," रोझान म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

तीन आठवडे ती स्वतःशीच वाद घालत राहिली. क्लबच्या नियमात लिहिलं होतं, 'फोटो सभासदाने स्वतः काढलेला असावा.' फोटो काढला म्हणजे नेमकं काय केलं? बटण दाबलं तो धनी, की कधी दाबायचं ते ज्याला कळलं तो? ग्राहक नसले की काउंटरवर बसून ती यावर विचार करायची, आणि दर वेळी वेगळ्या उत्तराला पोचायची. शेवटी तिने बेव्हला एक पत्र लिहिलं. चार ओळींचं. पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलं. एकच नाव वाचलं गेलं तर पाकीट काढायचं. दोन वाचली गेली तर नाही.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी तळघर भरलं होतं. बेव्हने लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. परीक्षक बाई दुसऱ्या गावाहून आलेल्या, कुणालाच न ओळखणाऱ्या. एकेक फोटो दिव्याखाली ठेवला जात होता. रोझानचा होता दलदलीच्या पार्किंगमधला. नवरे, भाऊ, मित्र पक्षी बघायला गेलेत, आणि एक बाई गाडीशेजारी घडीच्या खुर्चीत बसून विणतेय. पायाशी थर्मास. बाकी सगळी तोफखान्याची माणसं पाठमोरी, दूर चाललेली.

त्यानंतरचा फोटो आला तेव्हा रोझानने बघताक्षणी ओळखला. विलोची खालची फांदी, आणि तिच्यावर उतरता उतरता पंख अर्धे मिटलेला एक चिमुकला पिवळा पक्षी, वॉर्बलर. सुंदर होता. तिचा हात पर्सवर गेला.

तिसरा नंबर एका नवीन मुलीला मिळाला. मग बेव्हने विलोचा फोटो उलटा केला.

"दुसरा नंबर..." ती थांबली. चष्मा नाकावर वर सरकवला. "लायल सोबचॅक आणि ड्युएन हॅकर्ट."

आधी कुणाला कळलंच नाही. मग डावीकडून कुणीतरी खुर्ची मागे ढकलून उठलं. "आणि कोण?"

"ड्युएन हॅकर्ट," बेव्ह म्हणाली.

"कुठल्या कॅमेऱ्याने?"

ड्युएन उभा राहिला. त्याने घसा साफ केला. "निकॉन," तो म्हणाला, आणि कोसळल्यासारखा खाली बसला.

पुढे जे झालं त्याला गोंधळ म्हणणं कमीच. दोघांनी मिळून फोटो का काढावा लागला, हे कुणी विचारलं नाही. नियमाबद्दलही नाही. गेल्या वर्षीच्या बगळ्याचं तर नावही निघालं नाही. डावीकडचे म्हणत होते, दगा झाला. उजवीकडचे म्हणत होते, शेवटी अक्कल आली. दंतवैद्य टेबलावर हात आपटत म्हणाला की मग मला त्या दिवशी कॉफी का दिली नाही? ड्युएन दोन्ही हात वर करून सगळ्यांना एकदमच उत्तर देत होता. बेव्ह सॉरी, सॉरी म्हणत राहिली, आणि त्या सॉरींच्या मधेच कुठेतरी तिने शेवटचा फोटो उलटा करून पहिल्या नंबराचं नाव वाचलं.

कुणीही ऐकलं नाही.

रोझान कॉफीच्या भांड्याजवळ बसून राहिली. तिने स्वतःचं नाव ऐकलं होतं, पण ऐकलं असं म्हणायची तिची हिंमत होईना. एवढ्यात उजवीकडून टाळ्या आल्या. एकाच माणसाच्या, सावकाश, ठणठणीत. लायल उभा राहून वाजवत होता, तोंड तिच्याकडे. म्हणजे तिच्या जरा बाजूला.

"रोझान किश!" तो ओरडला. "बहिऱ्यांनो, भिंत रोझानला मिळाली!"

तळघर हळूहळू शांत झालं. माना वळल्या. पर्समधलं पाकीट तिने बाहेर काढलं आणि लिंबाची वडी त्याच्यावर ठेवून खायला घेतली. हाताला काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

लायलने ड्युएनचा दंड पकडला. "ने मला तिच्या फोटोपाशी."

दोघे दिव्याजवळ आले. लायल कागदाच्या अगदी जवळ वाकला आणि फोटोकडे न बघता फोटोच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. मग डावीकडे. मग डोकं तिरकं करून आणखी कुठेतरी. बराच वेळ. रोझान वडी हातात धरून शेजारी उभी.

"ही बाई मला दिसत नाही," तो म्हणाला. "आहे ना मधोमध? असू दे. पण खाली उजवीकडे, चाकाजवळ, काय आहे? पिवळं. फूल आहे की पक्षी?"

ड्युएन वाकला. परीक्षक बाईही वाकल्या. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"पक्षी," रोझान म्हणाली. हा फोटो काढल्यापासून ती वाट बघत होती, कुणीतरी विचारेल म्हणून. "सगळे त्यालाच शोधायला आत गेले होते. तो इथे चाकाखाली किडे खात होता."

ड्युएनने फोटोवरून नजर न काढता तोंड उघडलं. "कुठल्या कॅमेऱ्या—"

लायलने त्याच्या पायावर पाय दिला. नेमका, न बघता.