शेवटच्या नळाचा नारळ

नव्या नळयोजनेचा नारळ टाकीखालच्या पहिल्या नळाशी फुटायचा होता. तालुक्याच्या महागावहून प्रमुख पाहुणे आले, फीत बांधली गेली, आणि बौद्धपुऱ्यातल्या दीपमाला रामटेकेने ताटातला नारळ उचलून लेकरासारखा कडेवर घेतला.

"सायेब, हा आमच्या पुऱ्यातल्या शेवटच्या नळाशी फोडा."

योजना पूर्ण झाली असं एकदा जाहीर झालं की उन्हाळ्यातला टँकर बंद होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग नळ कोरडा राहिला तर रडायचं कुणापुढे? जुना लोखंडी पाइप गंजून बुजला होता, म्हणून तर ही योजना आली. पण खोदकाम तिच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. दारोदारी नवे नळ मात्र ऐटीत उभे राहिले. तिने सरपंच किसनरावांना सांगून पाहिलं, पण त्यांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं.

आता तेच चिडले. "काहून खोडा घालून राह्यली? इथं आलं तं तिथंबी येईन पानी."

"मंग तिथंच फोडा ना!"

पाहुणे हसले आणि हसण्यातच फसले. आता नाही कसं म्हणणार? बँडसकट सगळा लवाजमा बौद्धपुऱ्यात निघाला.

शेवटचा नळ म्हाताऱ्या रुखमाबाईच्या दारात होता. पाहुण्यांनी तोटी फिरवली. नळ खोकला, चमचाभर गंज थुंकला आणि गप्प झाला. बँडवाल्यांना थांबावं की वाजवावं कळेना, ते आपले वाजवतच राहिले.

"खाली जुनाच पाइप जोडला जी," ठेकेदार पुटपुटला. "चांगला होता."

"चांगला हाय तं तुह्या घरी ने!" रुखमाबाई कडाडली.

पाहुण्यांनी घाम पुसला. "ताई, पाइप बदलून देतो, शब्द आहे माझा. पण आता कार्यक्रम उरकू द्या. नारळ द्या इकडे."

दीपमालेने नारळ आणखीच घट्ट धरला. गल्लीतल्या बाया एकेक करून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"गल्ली खोदा, नवा पाइप टाका, पानी आलं की या. तवरोक योजना पुरी झाली म्हनू नोका, अन् टँकरले हात लावू नोका."

"अन् नारळ?" किसनराव ओरडले.

"त्याची फिकर नोका करू. आमी बौद्ध हाओत. आमच्या घरी कोनी नारळ फोडत नाही. पानी येईपर्यंत साबूत राहीन."

ती नारळ घेऊन घरात गेली आणि आतून कडी लावली.